सणाला माप एकच हवे

ईद जवळ आली की आमच्यातील सुशिक्षित मंडळीही एक प्रश्न हटकून विचारतात : यांनी आपला सण घरात किंवा मशिदीत करावा, रस्त्यावर कशाला? बडोद्याच्या वासणा भागात आणि त्याला लागूनच असलेल्या तांदलजाच्या मुस्लिम वस्तीत या प्रश्नाला विशेष धार येते. वरवर पाहता हा प्रश्न कायद्याचा वाटतो. वकिली करणाऱ्या आम्हांस तो मापाचा वाटतो.

प्रथम सण समजून घ्यावा. रमजानचे रोजे संपून चंद्रदर्शन झाले की दुसऱ्या सकाळी ईदची नमाज. हनफी मताप्रमाणे ही नमाज समुदायानेच करावयाची. एकट्याने घरी करून भागत नाही. ती मोकळ्या मैदानात करावी हा पैगंबरांचा परिपाठ, म्हणूनच गावोगावी ईदगाह असतात. नमाजेस निघण्यापूर्वी गरिबांना फित्रा पोहोचवावा लागतो, कारण त्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. मग गळाभेट आणि शीरखुर्मा. ईदगाह दूर असेल आणि मशीद भरून गेली, तर माणसे बाहेर उभी राहतात. बकरीद धरून अशा सकाळी वर्षात दोनच येतात.

आता आपल्याकडे पाहू. बडोद्यातील मराठी माणूस तरी कोण? गायकवाडांच्या मागून आलेला, गुजराती समाजात संख्येने थोडाच. तरीही आपला सार्वजनिक गणेशोत्सव आज साऱ्या बडोद्याचा झाला आहे. दहा दिवस मांडव रस्त्यात असतात, मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालतात. ‘गणपती देवघरातच ठेवा’ असे या नगराने आम्हांस कधी सुनावले नाही.

देवस्थानांशी नाते सांगणाऱ्या वाचकांस याहून जुनी आठवण असावी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली, तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेली गेली. ज्या फोंडे महालात या देवतांस आसरा मिळाला, तो त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. मागे राहिलेल्यांवर सणसमारंभांचीही बंदी आली. चोरून सण करण्याचे दुःख ज्यांच्या पूर्वजांनी भोगले, त्यांनी दुसऱ्याच्या सणाकडे कपाळाला आठ्या घालून पाहावे काय?

कोणी म्हणेल, सामंजस्य एकाच बाजूने का दाखवावे? ते एकाच बाजूचे नाही. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि पैगंबर जयंती एकाच दिवशी आल्या. मुंबईच्या मुस्लिम पुढाऱ्यांनी आपली मिरवणूक एक दिवस पुढे नेली. सरकारनेही सुट्टी २९ तारखेस दिली. २०२४ सालीही विसर्जन आटोपल्यावर, १८ सप्टेंबरला, मिरवणूक निघाली. याची स्तुती आपल्या किती सभांतून झाली?

गोंगाटाचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ सालीच दिले : गणेशोत्सवात जो कर्कश आवाज अपायकारक, तो ईदच्या मिरवणुकीतही अपायकारकच. न्यायाची भाषा ही अशी असते. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने दिलेले धर्माचरणाचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत आहे. ही मर्यादा मांडवालाही आहे आणि नमाजेच्या चटईलाही.

रस्ता अडवणे हा कोणाचाच हक्क आहे असे आम्ही म्हणत नाही. आमची मागणी साधी आहे. नगरपालिकेने ज्या तत्परतेने विसर्जनाची सोय करावी, त्याच तत्परतेने ईदच्या सकाळी जवळचे मैदान मोकळे करून द्यावे. आणि ही मागणी वासण्यातील हिंदूंनी, आपल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी, आधी करावी. तसे न करता केवळ ‘रस्त्यावर नको’ म्हणणाऱ्याची तक्रार रस्त्याबद्दल नसून शेजाऱ्याबद्दल आहे, असे आम्ही समजू.