ताप उतरला म्हणजे काय झाले?

परवा सकाळी आमच्या गिरीजमधल्या एक बाई दुसऱ्या डॉक्टरांचा केसपेपर घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी सोबतच होती. "डॉक्टर, हा शब्द कसल्या रोगाचा?" कागदावर लिहिले होते, 'डिफर्व्हेसन्स'. मी म्हटले, "रोग नव्हे हो, ताप उतरला, एवढाच अर्थ." बाईंचा जीव भांड्यात पडला. पण वरची ओळ वाचली आणि माझाच 'एवढाच' मला खटकला. मुलीला डेंग्यू होता, आजारपणाचा पाचवा दिवस होता.

शब्द लॅटिन आहे. 'फर्व्हेरे' म्हणजे उकळणे. मागे 'डी' लागला की उकळी बसणे. मराठीत ताप चढतो, उतरतो. टायफॉईडला तर आपण मुदतीचा ताप म्हणतो. आयुर्वेदात शब्द आहे ज्वरमोक्ष, ज्वराच्या तावडीतून सुटका. मात्र ही सुटका सुखाची असते असे चरकसंहिता मानत नाही. तिच्या चिकित्सास्थानातल्या तिसऱ्या अध्यायात ज्वर सुटतानाची लक्षणे दिली आहेत: कण्हणे, ओकारी, घाम, कंप. शिवाय ताप गेल्यावरही अंगात बळ येईपर्यंत व्यायाम, स्नान, हिंडणे वर्ज्य. आमच्या आज्या ताप गेल्यावरही दोन दिवस पेजेवर ठेवत, ते काही उगीच नव्हते!

डेंग्यूत तर हे अक्षरशः खरे आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि काही रोग्यांत नेमक्या त्याच वेळी रक्तातले पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपू लागते. रक्तदाब घसरतो. हे 24 ते 48 तास धोक्याचे. पोटात जोराची कळ, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गार पडलेले हातपाय, कमी लघवी, गुंगी किंवा बेचैनी, यातले एक जरी दिसले तरी रात्र असो की पाऊस, थेट रुग्णालय गाठावे. अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मुळीच देऊ नये.

आपल्याकडे मात्र थर्मामीटर 100 च्या खाली आला की मूल शाळेत आणि बाप कामावर! त्यात आम्हा डॉक्टरांचाही दोष आहे. घरच्यांना वाचता न येणारा शब्द लिहून आम्ही मोकळे होतो. त्याऐवजी 'ताप उतरला, आता दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा' असे मराठीत लिहायला कितीशी शाई लागते?

मी बाईंना पुन्हा बसवले. मुलीची नाडी, रक्तदाब पाहिला, पोट तपासले, रक्त तपासायला पाठवले आणि संध्याकाळी परत आणायला सांगितले. केसपेपरवरच्या त्या शब्दाखाली वरचे वाक्य मराठीत लिहून दिले.