केळीच्या थंडीचा बंदोबस्त लावणीपासूनच हवा

केळ हे मूळचे उष्ण व दमट प्रदेशातील पीक. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत ते उत्तम पोसते. परंतु पौष महिन्यात तेथे काही रात्री पारा १० अंशांच्याही खाली उतरतो आणि बागायतदारांची धावपळ सुरू होते. बांधोबांधी शेकोट्या पेटतात. हा उपाय मी त्याज्य मानीत नाही. वारा पडलेला असेल, तर पहाटेच्या धुराने थोडीफार ऊब टिकते. पण वारा सुटला, की धूर शेजाऱ्याच्या शेतात जातो आणि थंडी आपल्या शेतात राहते.

झाड स्वतः थंडीशी कसे झुंजते, हे प्रथम ध्यानी घ्यावे. तापमान सुमारे १६ अंशांखाली गेले, की नवे पान निघण्याचा वेग फार मंदावतो. पाने पिवळी पडतात, कडा करपतात. तरीही लहान झाड सहसा मरत नाही; कारण त्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत कंदात असतो, आणि जमीन हवेइतक्या लवकर थंड होत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये लावलेल्या कांदेबागेची पाने करपली, तरी झाडे उपटण्याची घाई करू नये.

निसवणीवर आलेल्या झाडाची गोष्ट निराळी. त्याचा कोंब खोडातून वर चढलेला असतो. अशा वेळी कडाक्याची थंडी पडल्यास घड बाहेर पडताना अडकतो. शिवाय निसवल्यानंतर नवे पान येत नाही. आहेत त्या पानांवरच घड पोसावा लागतो.

यावरून माझे स्पष्ट मत असे, की खरा बंदोबस्त जमिनीचा आणि पानांचा करावयास हवा. वाऱ्याच्या बाजूस शेवरीचा किंवा गजराज गवताचा दाट आडोसा लावणीबरोबरच करावा. थंडीत विहिरीचे पाणी रात्री किंवा पहाटे द्यावे. ते त्या वेळच्या हवेपेक्षा उबदार असते, आणि ओलसर जमीन ऊब धरून ठेवते. करप्याने रोगट झालेला पानाचा भाग तेवढा काढून नष्ट करावा, हिरवी पाने मात्र राखावीत. घडांवर सच्छिद्र पिशव्या घालाव्यात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे, की शेकोटीचा सल्ला घेऊन पौषात जाण्यापेक्षा आडोशाची आठवण घेऊन लावणीच्या वेळीच बांधावर जावे. गारठ्याची वाट पाहून केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते.