मुदत फक्त आपलीच संपते का हो?

गेल्या दिवाळीच्या आधी मामी चोपड्याला गेली होती, 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी करायला. स्वतःचं आधार, वर मामांचं आधार, दोघांचे वेगवेगळे ओटीपी. मामीच्या आधारला नंबर जोडलाय मुलाचा, आणि मुलगा सुरतला मिलमध्ये. ड्युटीवर फोन लॉकरमध्ये. त्याचा उलटा फोन येईपर्यंत ओटीपीची 10 मिनिटं संपलेली. तीन चकरा झाल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी मुलगा दिवाळीला घरी आला तेव्हा काम झालं.

ओटीपी 10 मिनिटांत संपतो याला माझी हरकत नाही. संपलाच पाहिजे, नाहीतर चोरांचं फावेल. पण त्याच दुकानात मामीच्या आधारचा स्कॅन कॉम्प्युटरवर तसाच पडून होता. बाजूला गावातल्या कितीतरी जणांचे. त्यांची मुदत कधी संपणार?

म्हणजे बघा भो, माणसाचा हक्क मुदतीवर आणि त्याची माहिती अमर!

सुप्रीम कोर्टाने 26 सप्टेंबर 2018 च्या आधार निकालात सांगितलं की पडताळणीच्या नोंदी 6 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत. 2023 चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, काम संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणं भाग नसेल, तर माहिती पुसा. छान! पण त्याच कायद्याचं कलम 17 वाचा. पुसायचं हे बंधन सरकारी यंत्रणेला लागूच नाही. कंपनीने पुसायचं, सरकारने साठवायचं. हा कुठला न्याय?

ई-केवायसीची दोन महिन्यांची मुदत सरकारने पुढे 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली. म्हणजे मनात आणलं तर मुदत वाढते. मग मनात आणलं तर माहिती पुसताही येते.

जळगाव आणि धुळे जिल्हा प्रशासनाकडे मागण्या तीनच:
1. काम झालं की स्कॅन माणसासमोर पुसायचा, असा लेखी आदेश प्रत्येक सेवा केंद्राला द्या.
2. मुदत संपण्याआधी अंगणवाडी सेविका किंवा ग्रामपंचायतीमार्फत घरी निरोप द्या. नुसत्या एसएमएसवर भागत नाही.
3. ज्यांच्यापर्यंत ओटीपी पोचत नाही, त्यांच्यासाठी गावातच बोटांच्या ठशांचं शिबिर घ्या.

आणि आपणही जागे होऊ. चालत असेल तिथे शेवटचे 4 आकडेच दिसणारं 'मास्क्ड आधार' द्या. दुकानातून उठण्याआधी म्हणा, "दादा, आमची फाईल डिलीट करून दाखवा. रिसायकल बिनमधूनही." लाजू नका. माहिती आपली आहे.