गाडीची उंची आणि आजीचे गुडघे

नवी मोटार घेताना हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : 'ग्राउंड क्लिअरन्स किती?' रस्ता आणि गाडीच्या तळाचा सर्वांत खालचा भाग यांमधील हे अंतर. लहान गाड्यांत ते साधारणतः १६५ मिलिमीटरच्या आसपास, तर अनेक एसयूव्ही गाड्यांत २०० मिलिमीटरच्या जवळपास असते. खानदेशात हा प्रश्न गैरलागू नाही. तापी, गिरणा, पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरून गेलेला रस्ता त्यामुळे लवकर उंचसखल होतो. जळगाव-धुळे महामार्ग सोडून आतल्या गावांकडे वळले की गाडीचा तळ घासण्याची धास्ती वाटू लागते.

तथापि, वाचकहो, ज्या घरात सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, त्या घराने आणखी एक उंची पाहावी : आसनाची. गाडी उंच झाली की बहुधा आसनही उंच होते. फार खालच्या आसनावरून उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो. फार उंच आसनावर चढताना तोल जाण्याची भीती असते. म्हणून गाडी पाहायला जाताना आजी-आजोबांना सोबत न्यावे. दाराशी उभे राहिल्यावर आसनाची कड गुडघ्याच्या थोडी वर आणि कमरेच्या खाली आली, तर ती गाडी त्यांना सोयीची. खुब्याचे सांधेरोपण झालेल्यांना खोल, खालचे आसन अनेकदा वर्ज्य असते. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रवास ठरवावा.

चढउताराची रीतही महत्त्वाची. गाडी गटाराच्या कडेला नव्हे, सपाट जागी उभी करावी. आसनाकडे पाठ करून आधी बसावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. गाडी उंच असल्यास पक्के पायदान बसवून घ्यावे; डगमगणारा पाट ठेवू नये. पायदानावर चढताना कमी दुखणारा पाय आधी वर, उतरताना अधिक दुखणारा पाय आधी खाली. आधारासाठी दाराला धरू नये, कारण ते हलते. आतील पकड किंवा सोबत्याचा हात धरावा.

आता धक्क्यांविषयी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावोगावचे अरुंद, उभट उंचवटे या मापात बसत नाहीत. तेथे गाडीचा तळ घासला तर दुरुस्ती होते. पण हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धाला जोराचा धक्का बसला, तर मणका दबून मोडू शकतो. गाडी उंच आहे म्हणून उंचवटा वेगात ओलांडणे हा म्हणूनच मोठा घात. तळ सुटतो, पण पाठ सुटत नाही.

यासाठी वेग उंचवट्याच्या पुरेसा आधी कमी करावा. चाक चढत असताना ब्रेक दाबलेला असेल, तर गाडीचे नाक खाली झुकते आणि नेमका तेथेच तळ घासतो. तिरके नेल्याने तळ वाचतो खरा, परंतु बसलेली माणसे एका बाजूला कलंडतात. वृद्ध सोबत असताना शक्यतो सरळ आणि चालण्याच्या गतीने जावे. मागच्या चाकांच्या वर आणि त्यामागे हादरे अधिक जाणवतात. सात आसनी गाडीची शेवटची रांग वृद्धांना देऊ नये. पुढचे आसन त्यांचे. पट्टा मात्र अवश्य बांधावा.

लग्नसराईत पाच माणसे, सामान आणि डिकीतील सीएनजीची टाकी यांच्या भाराने स्प्रिंग दबतात व गाडी खाली बसते. माहितीपत्रकातील आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, हे ध्यानी ठेवावे.

आणि पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल, तर कोणत्याही उंचीच्या भरवशावर गाडी घालू नये. सुमारे ३० सेंटिमीटर वाहते पाणीही लहान गाडी उचलू शकते. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी शहरात जाणाऱ्यांनी पूल नसलेला किंवा उंच पुलाचा पर्यायी मार्ग जून उजाडण्यापूर्वीच पाहून ठेवावा.