आमच्या मुलांचे उद्योग

“उद्योगाचें घरीं ऋद्धिसिद्धि पाणी भरी” ही म्हण आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं कित्त्यांत गिरविली असेल. परंतु जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत राहणाऱ्या मुलांपुढें ती जशीच्या तशी ठेवण्यास मन कचरतें. येथें चैत्र-वैशाखांत पाणी भरते ती ऋद्धि नव्हे कीं सिद्धि नव्हे. ती हंड्यावर हंडा घेऊन टेकाड चढणारी आपली आई असते, बहीण असते, आणि कित्येकदां पहिल्या तासास उशिरां पोहोंचलेली आपलीच एखादी विद्यार्थिनी असते. ज्या भागांत पावसाळ्यांत शंभर इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो, त्याच भागांतील पाडे उन्हाळ्यांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. मोखाडा तालुक्यांत कोचाळे येथें बांधलेलें व २०१४ सालीं पुरें झालेलें मध्य वैतरणा धरण मुंबईच्या नळांस पाणी पुरवितें. त्याच तालुक्यांतील बाया मात्र झऱ्याच्या तोंडाशीं बसून वाटीवाटीनें हंडा भरतात. तेव्हां उद्योग म्हणजे काय, आणि तो कोणाच्या घरीं पाणी भरतो, हा प्रश्न आमच्या मुलांनीं नव्यानें सोडविला पाहिजे, असें मला वाटतें.

या हेतूनें गेल्या सहामाहींत नववीच्या वर्गास मीं निबंधासाठीं विषय दिला: ‘आपल्या पाड्यास उपयोगी पडेल असा कोणता धंदा तुम्ही काढाल?’ घरोघर आपण “काय हे मुलांचे उद्योग!” असें त्रासून म्हणतों, पण वह्या तपासतांना मुलांचे हे उद्योग पाहून मी थक्क झालों. एकानें पाड्यावर पिठाची गिरणी काढली, कारण आईस दळणासाठीं दोन कोस जावें लागतें. एकानें नाचणीचीं बिस्किटें केलीं. एकानें मोगऱ्याची बाग लावली. एकानें दाभोसा धबधब्यावर येणाऱ्या पाहुण्यांस वारली चित्रें विकण्याचें दुकान मांडलें. एका मुलानें मोहाच्या बियांचें तेल काढण्याचा घाणा उभारला. आणि एका मुलीनें असा एक धंदा लिहिला कीं, तो वाचून दाखवितांच सारा वर्ग हंसला. तिच्या धंद्याकडे मी शेवटीं येणार आहें.

कांहीं पालकांनीं मजजवळ आक्षेप घेतला तो असा: आम्ही मुलांस शाळेंत धाडतों तें नोकरी लागावी म्हणून, तराजू हातीं धरावयाचा तर शाळा कशास हवी? हा आक्षेप तुच्छ लेखण्याजोगा नाहीं. ज्या बापानें स्वतः वीटभट्टीवर पाठ मोडून घेतली, त्यास मुलाच्या हातीं कायमचा पगार असावा असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु सर्वांस पुरतील इतक्या नोकऱ्या नाहींत, हें त्यालाही ठाऊक आहे. शिवाय कल्पना करणें आणि धंद्यास जुंपणें यांत महदंतर आहे. मुलांनीं आजच माल विकावा असें कोणी म्हणत नाहीं. त्यांनीं आज विचार करावा, मोजमाप करावें, हिशेब मांडावा, एवढेंच म्हणणें आहे. १९३७ सालीं वर्धा येथें भरलेल्या शिक्षण परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची कल्पना मांडली, तिचा गाभा हाच होता. आमच्याच जिल्ह्यांत याहून जवळचें उदाहरण आहे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं मुलांस दोष दिला नाहीं. शाळाच कुरणांत नेली आणि तिला कुरणशाळा असें नांव पडलें. मुलाचें रोजचें जगणें हेंच त्याचें पहिलें पुस्तक होय, हें त्यांनीं जाणलें होतें.

मग या पुस्तकाचें पहिलें पान कोणतें? माझ्या मतें तें असें: आपल्या गांवांतून काय कच्चें बाहेर जातें आणि काय पक्कें होऊन परत येतें, तें पाहावें. आपल्या उतारावर वरई पिकते. ती पोत्यांत भरून घाट चढून नाशिककडे जाते, तेथें गिरणींत सडली जाते, आणि भगर हें नांव धारण करून एकादशीस आपल्याच बाजारांत चढ्या भावानें परत येते. आतां हिशेब करूं. समजा, १०० किलो वरई ३० रुपये भावानें विकली, तर ३,००० रुपये आले. तीच गांवांत सडून ६० किलो भगर निघाली व ती ९० रुपयांनीं गेली, तर ५,४०० रुपये झाले. वीज, मजुरी व पोतीं यांचे ९०० रुपये वजा करा. तरी १,५०० रुपये गांवांत अधिक राहिले. हे आंकडे समजुतीपुरते आहेत. खरे भाव मुलांनीं बाजारांत जाऊन विचारावे, म्हणजे त्रैराशिक कशासाठीं शिकलों याचा उलगडा त्यांस आपोआप होईल.

पण हिशेबाची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणें लिहिली पाहिजे. यंत्र बिघडलें तर दुरुस्त कोण करील? वीज गेली तर? मोगऱ्याची बाग लिहिणाऱ्या मुलास मीं हेंच विचारलें. विक्रमगड-जव्हारकडील कळ्या पहाटे खुडतात आणि दादरच्या फूलबाजारांत नेतात. कळी उमलण्याच्या आंत बाजार गांठला तर ती रुपया, गाडी चुकली तर ती पालापाचोळा. म्हणजे मोगऱ्याचा धंदा केवळ रोपांचा नव्हे, तो वेळेचा व रस्त्याचा धंदा आहे. आंबा-काजूची वाडी लावणाऱ्यास तर फळ येईपर्यंत वर्षें मोजावीं लागतात. बाएफ या संस्थेच्या साहाय्यानें जव्हार तालुक्यांत ज्यांनीं अशा वाड्या केल्या, त्यांनीं पहिल्या वर्षांत फळें नव्हे, तर धीर पिकविला.

चित्रांच्या दुकानाविषयींही दोन शब्द लिहितों. वारली चित्रकला ही मूळची लग्नघरच्या भिंतीवरील चौकाची कला; गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें तो चौक सवाष्णी लिहीत. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीनें ती कागदावर आली, आणि डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनीं ती देशोदेशीं नेली. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं ते निवर्तले. त्यांचें नांव आज जगांत घेतलें जातें; परंतु आमच्या किती पाड्यांवरील चित्रांखालीं चित्र काढणाऱ्याचें नांव असतें? ज्या मुलास हें दुकान काढावयाचें आहे, त्यानें पहिला नियम असा करावा कीं, नांवावांचून एकही चित्र विकावयाचें नाहीं.

आतां नाचणीच्या बिस्किटांकडे वळूं. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, म्हणजे तोलास तोल धरल्यास दुधाच्या तिपटीजवळ. शहरांतील लोक आज ती आवडीनें मागतात. पण १९९२ सालीं आमच्याच तालुक्यांत वावर-वांगणी येथें कुपोषणानें मुलें दगावलीं, ही गोष्ट विसरून चालावयाचें नाहीं. घरांतील नाचणी शहराच्या बिस्किटांसाठीं विकावी आणि आलेल्या पैशांत घरच्या पोरास चहा-पाव द्यावा, असा जर हा धंदा होणार असेल, तर तो गांवाच्या उपयोगाचा नव्हे. तो गांवाच्या तोंडचा घांस विकणारा होय. म्हणून पहिली कसोटी ही कीं, धंद्यानें आधीं आपली चूल रिती होऊं देतां कामा नये.

दुसरी कसोटी मला त्या मुलीनें शिकविली, जिला सारा वर्ग हंसला होता. तिनें लिहिलें होतें: “मी उचल देण्याचें दुकान काढीन.” उचल म्हणजे काय हें येथील वाचकांस सांगावयास नको. दिवाळी तोंडावर येते, घरांत दाणा असला तरी रोकड नसते. अशा वेळीं वीटभट्टीचा मुकादम येतो आणि हातावर पैसे ठेवतो. त्या पैशांवर सण होतो, दुकानदाराची उधारी फिटते, आणि सण सरतांच कुटुंब भिवंडी, वसई, कल्याणकडे भट्ट्यांवर निघतें, तें पावसाच्या तोंडावर परततें. मागें वृद्ध राहतात; पुष्कळदां लहान मुलेंही आईबापांबरोबर जातात, आणि मार्गशीर्षांत आमच्या शाळांचे बाक ओस पडतात. ती मुलगी लिहिते: “मी चौथींत असतांना पांच महिने भट्टीवर होतें. बाबा म्हणाले, मुकादमानें आधीं दिले म्हणून जावें लागतें. आधीं देणारा आपल्याच पाड्यावर असता तर आम्ही गेलों नसतों.”

तिचा हिशेब साधा होता. वीस बायांनीं माघापासून आश्विनापर्यंत नऊ महिने दरमहा ५० रुपये ठेवले, तर ९,००० रुपये होतात. “एवढ्यांत एकच घर थांबेल!” असें म्हणून वर्ग हंसला. मीं विचारलें, “त्या घरांत मुलें किती?” तिनें उत्तर दिलें, “तीन.” तीन मुलें म्हणजे तीन पाट्या, तीन पुस्तकें, तीन भरलेल्या जागा. मग कोणी हंसलें नाहीं.

मोठमोठ्या योजनांच्या भाषणांत मीं जें ऐकलें नव्हतें, तें या वहींत मला वाचावयास मिळालें. भट्टीचा मुकादम जिंकतो तो अधिक मोल देतो म्हणून नव्हे, तर आधीं देतो म्हणून. आपण कल्पिलेल्या धंद्यांचे पैसे बहुधा नंतर येतात: मोहाच्या बियांचे ज्येष्ठांत, मोगऱ्याचे मुख्यत्वें उन्हाळ्यांत, आंब्याचे कांहीं वर्षांनीं. तोंपर्यंत कुटुंब भट्टीवर पोहोंचलेलें असतें. अर्थात् निव्वळ कर्ज देऊन काम भागणार नाहीं. गांवांत काम नसेल तर तें कर्ज फिटणार कशांतून? तीही मग एक निराळी उचलच. म्हणून त्या मुलीची पेटी आणि तिच्या सोबत्याची वरईची गिरणी हे दोन धंदे नव्हेत. तो एकच धंदा आहे. पेटीनें दिवाळीपूर्वीं घर थांबवावें, आणि गिरणीनें दिवाळीनंतर त्या घरास काम द्यावें. एकावांचून दुसरें लंगडें आहे.

येथें एक गैरसमज होऊं नये. पाणी, रस्ता, वीज व दवाखाना हीं ज्यांचीं कर्तव्यें आहेत, त्यांचा भार मुलांच्या कल्पनेवर टाकून आपण मोकळे होणें हें पाप होईल. गौण वनोपजावरील ग्रामसभेचा हक्क १९९६ च्या पेसा कायद्यानें व वननिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यानें मान्य केलेला आहे. तो हक्क मागणें हेंही उद्योगाचेंच अंग होय. ज्यास तेलाचा घाणा काढावयाचा आहे, त्यास बी कोणाचें हें आधीं ठाऊक हवें.

पालकांस माझी विनंति आहे कीं, मुलाच्या कल्पनेस हंसूं नका. एक महिनाभर घरचा जमाखर्च त्याच्या हातानें लिहवून घ्या. बाजारांत जाल तेव्हां त्यास भाव विचारूं द्या. आणि ग्रामसभा भरेल त्या दिवशीं त्यास मागें बसून ऐकूं द्या. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगतों कीं, सुटींत तोच निबंध पुन्हा लिहा, आणि या वेळीं त्याखालीं दोन प्रश्नांचीं उत्तरें द्या: माझ्या धंद्यानें कोणाची चूल रिती तर होत नाहीं ना? आणि त्यानें दिवाळीपूर्वीं किती घरें थांबतील?

उत्तर ‘एक’ असें आलें तरी लाजूं नका. शाळेच्या हजेरीपटावर त्या एका घराचीं तीन नांवें असतात.