मास्तरांना चौकशी समिती, पोराला फक्त "उद्यापासून येऊ नको"

काही गुरुजींना राग येईल. त्यातले काही माझे मित्र आहेत, रोज चहाला भेटतात. तरी लिहितो.

आपल्या मोहाडी तालुक्यातल्या कोणत्याही शाळेत जाऊन विचारा, यंदा किती विद्यार्थी निलंबित केले? उत्तर येईल, एकही नाही. कागदावर ते खरंही असेल. कारण आपल्याकडे पोराला निलंबित करतच नाहीत, त्याला नुसतं सांगतात. "उद्यापासून येऊ नको." "बापाले घेऊन ये, मंगच वर्गात बस." "टीसी घेऊन जाय, नाहीतर वर्तणुकीच्या रकान्यात लाल शाईनं लिहून देईन." झालं निलंबन. ना तारीख, ना सही, ना शिक्का, ना किती दिवसांसाठी ते.

"बापाले घेऊन ये" म्हणायला काय जाते? बाप नागपुरात बांधकामावर असतो. माय रोवणीला गेलेली असते, एक दिवस शाळेत यायचं म्हणजे एक रोजी बुडवायची. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता आठ दिवस निघून जातात. पोरगं घरी, नाहीतर बस स्टँडवर. आणि हजेरीपटावर काय लिहिलेलं असतं? गैरहजर.

ही खरी मेख आहे. काढलं शाळेनं, आणि रजिस्टर सांगतं की पोरगंच आलं नाही. बातमीसाठी मुख्याध्यापकांना फोन करावा तर ठरलेलं उत्तर मिळतं, "आम्ही कुठं काढलं? तोच येत नाही." दहावीला ७५ टक्के हजेरीची अट असते. शाळेनं घरी बसवलेल्या दिवसांचा हिशोब शेवटी पोराच्याच अंगावर येतो.

आता मास्तरांचं निलंबन कसं होतं ते बघा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे आणि १९८१ ची नियमावली आहे. शिक्षकाला निलंबित केलं की पहिले चार महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता. आरोप लेखी द्यावे लागतात, खुलासा मागवावा लागतो. तीन सदस्यांची चौकशी समिती बसते, त्यातला एक सदस्य खुद्द त्या शिक्षकानं निवडलेला. चौकशी १२० दिवसांत संपवायची. नोकरीवरून काढलंच तर ३० दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील.

हे सगळं योग्यच आहे. संस्थाचालकांच्या मनमानीतून शिक्षकांनी लढून मिळवलेलं आहे, एक कलमही कमी होऊ नये. माझा सवाल एवढाच आहे, की ज्या माणसाला स्वतःसाठी लेखी आरोप आणि सुनावणी हवी असते, तोच माणूस तेरा वर्षांच्या पोराला एका वाक्यात घरी कसा पाठवतो? निलंबित शिक्षकाला निर्वाह भत्ता मिळतो. निलंबित पोराची दुपारची खिचडीसुद्धा बंद होते.

कायदा नाही असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ वाचा. आठवीचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ मध्ये याच कलमात बदल झाला, पाचवी आणि आठवीत नापास करायची मुभा राज्यांना मिळाली. पण काढून टाकायचं नाही, हे तेव्हाही तसंच ठेवलं. पोरगं नापास होऊ शकतं, बाहेर होऊ शकत नाही. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. आठ दिवस फाटकाबाहेर उभं ठेवणं हा छळ नाही तर काय सत्कार आहे का?

आणि आठवी संपली की हे छत्रही संपतं. नववीत पोरगं चौदा-पंधरा वर्षांचं होतं, आवाज फुटतो, उलट बोलायला लागतं. नेमकं तेव्हाच शाळेला शंभर टक्के निकालाचं फ्लेक्स दिसायला लागतं. मग "याचं वागणं बरोबर नाही" म्हणून कच्च्या पोराला बाजूला काढायचं आणि "सतरा नंबरचा फॉर्म भर" म्हणून सांगायचं. शिस्तीचं नाव पुढं करून निकाल चकचकीत करायचा. असं हाकललेलं पोरगं कोणाचं असते, हे मी सांगायची गरज आहे काय? ज्याचा बाप ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटू शकतो, त्याचं नसते.

कागदाची किंमत काय असते ते पुण्यात दिसलं. मे २०२५ मध्ये तिथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयानं १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला सोशल मीडियावरच्या पोस्टवरून काढून टाकलं. तिला अटकही झाली होती. मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला आणि महाविद्यालयाच्या आदेशालाही स्थगिती दिली, कारण तिचं म्हणणं ऐकूनच घेतलेलं नव्हतं. ती पोस्ट बरोबर होती की चूक, हा वाद बाजूला ठेवा. तिच्या हातात महाविद्यालयाचा लेखी आदेश होता, म्हणून कोर्टाला त्यावर बोट ठेवता आलं. आपल्या तालुक्यातलं पोरगं काय दाखवणार? सरांचा आवाज?

गुरुजी म्हणतील, "तुम्ही एक दिवस साठ पोट्टे सांभाळून दाखवा." मान्य आहे. वर्गात मारामाऱ्या होतात, कोणी मोबाईलवर पोरींचे व्हिडिओ काढते, कोणी दारू पिऊन येते. दुसऱ्या लेकरांच्या जिवाला धोका असेल तर त्या पोराला चार दिवस दूर ठेवावंही लागेल. माझी त्याला हरकत नाही. पण मग लिहून द्या ना! कारण लिहा, दिवस लिहा, परत कधी यायचं ते लिहा. आणि लिहिण्याआधी पोराला एकदा विचारा, "झालं काय होतं, तू सांग."

याला वकील लागत नाही. अमेरिकेत १९७५ साली ओहायो राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात, गॉस विरुद्ध लोपेझ, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एवढंच सांगितलं होतं. दहा दिवसांपर्यंतचं निलंबन असलं तरी आरोप काय ते पोराला सांगा, तो नाकारत असेल तर पुरावा काय ते सांगा आणि त्याची बाजू ऐका. पाच मिनिटांचं काम आहे. प्रार्थनेनंतरची सूचना याहून लांब असते.

आता पालकांसाठी. शाळेनं पोराला घरी पाठवलं तर भांडू नका, हात जोडू नका, लेखी मागा. देत नसतील तर तुम्हीच साध्या कागदावर लिहा: अमुक तारखेला माझ्या मुलाला शाळेत बसू दिलं नाही, कारण अमुक सांगितलं. मुख्याध्यापकांकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. आठवीपर्यंतचं लेकरू असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि सुनावणी घेऊन तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क आयोग आहे. नववी-दहावीचं असेल तर भंडाऱ्याला जिल्हा परिषदेत माध्यमिकचे शिक्षणाधिकारी बसतात. आणि दबावाखाली टीसीच्या अर्जावर सही करू नका. ती सही झाली की "पालकांच्या विनंतीवरून" असं होऊन जाते, आणि मग कोणाचाच दोष राहत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीवर कायद्यानं तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. चहा-बिस्किटं खाऊन सह्या करण्यापेक्षा पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा: या शाळेतून एकही विद्यार्थी तोंडी आदेशानं घरी पाठवला जाणार नाही. ठराव मंजूर झाला तर मला फोटो पाठवा, छापतो. कोणी विरोध केला तर काय कारण दिलं तेही पाठवा, तेही छापतो.