चार ग्रॅम कोळशात एक एकर

वीज गेली की घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे काय आणि घाटावर चिखली-मेहकरकडे काय, दुकानातील इन्व्हर्टरचा गुणगुणाट सुरू होतो. त्यातील बॅटरी शिसे आणि तेजाब यांची. तीन-चार वर्षांत ती थकते, भंगारात जाते आणि पुढे तिचे शिसे कोणाच्या अंगणात वितळवले जाते, हे पाहायला ग्राहक जात नाही. वीज साठवण्याचे याहून निरुपद्रवी साधन घरी करता येईल काय, हा प्रश्न विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने मुले हल्ली वडीलधाऱ्यांना विचारू लागली आहेत. उत्तरादाखल त्यांच्यापुढे एक शब्द येतो : सुपरकपॅसिटर, म्हणजे महाधारित्र.

बॅटरी आणि धारित्र यांतील भेद व्यापारी घरात समजावणे सोपे आहे. बॅटरी ही मुदत ठेव होय. रक्कम मोठी, परंतु भरणे-काढणे सावकाश आणि प्रत्येक व्यवहारात रासायनिक झीज. धारित्र हा दुकानाचा गल्ला. त्यात मावते थोडे. पण क्षणात टाकावे, क्षणात काढावे, आणि लक्षावधी वेळा उघडझाप करूनही गल्ला झिजत नाही. कारण त्यात रासायनिक बदल जवळजवळ होतच नाही. विद्युतभारित कण कोळशाच्या पृष्ठभागाला नुसते चिकटून बसतात आणि गरज पडली की सुटतात. पृष्ठभागावरील या दुहेरी थराचे वर्णन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने 1853 मध्ये केले होते. सच्छिद्र कोळसा वापरून त्याचा व्यवहारोपयोग करण्याचे पेटंट मात्र 1957 मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांनी घेतले.

सारी किमया कोळशाच्या छिद्रांत आहे. उत्तम क्रियाशील कोळशाच्या एका ग्रॅमचा आतील पृष्ठभाग 1000 चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक भरतो. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. म्हणजे चिमूटभर, चार ग्रॅम कोळशात कपाशीचे एक एकर रान मावते! शेतीची मोजमापे तोंडपाठ असणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही तुलना आजोबांनाही पटेल.

आता कृती. मत्स्यटाकीच्या दुकानात मिळणारा क्रियाशील कोळसा ओला करून बारीक वाटावा. कोरडा वाटल्यास त्याची भुकटी नाकात जाते. पापडखार पाण्यात विरघळवून त्या पाण्यात कोळशाचा दाट लगदा करावा. चहाच्या जुन्या स्टीलच्या गाळणीची जाळी कापून दोन सारखे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकावर दोन-दोन ग्रॅम कोळसा बसेल असा लगदा थापावा. दोहोंच्या मध्ये पापडखाराच्या पाण्यात भिजवलेला मलमलीचा दुहेरी तुकडा ठेवावा. दोन्ही जाळ्या एकमेकींना कोठेही स्पर्श करता कामा नयेत. बाहेरून प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या लावून रबराने घट्ट आवळावे. झाले एक घर तयार.

ॲल्युमिनियमचा कागद वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण खार त्याला खातो. साधे मीठही नको. भार जास्त झाल्यास मिठाच्या पाण्यातून क्लोरीन वायू सुटू शकतो. पापडखारात सोड्याचे क्षार असतात आणि याच कुळातील क्षार लोणारच्या सरोवरात आहेत. पूर्वी ते तेथून काढलेही जात. म्हणून कोणी उत्साहाच्या भरात सरोवराचे पाणी बाटलीत भरून आणू नये. ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही आहे, आणि स्वयंपाकघरातील डबा अधिक जवळ आहे.

पाण्याचे विघटन 1.23 व्होल्टपासून संभवते. म्हणून एका घराला एक व्होल्टपेक्षा जास्त दाब देऊ नये. पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट. तेव्हा मध्ये 100 ओहमचा रोध घालावा, मल्टिमीटर लावून ठेवावा आणि एक व्होल्ट होताच सेल काढावा. मग तोच रोध घराच्या दोन टोकांना जोडून घड्याळ लावावे. दाब 1 वरून 0.37 व्होल्टवर येण्यास जितके सेकंद लागतील, त्यांना 100 ने भागले की धारकता अंदाजे फॅरडमध्ये मिळते. 400 सेकंद लागले तर 4 फॅरड. खरे विज्ञान या मोजणीत आहे. दिवा लागणे ही केवळ शोभा.

शोभेचाही हिशेब मांडू. लाल एलईडीला पावणेदोन-दोन व्होल्ट लागतात. एक-एक व्होल्ट भरलेली 4 फॅरडची चार घरे एकामागून एक जोडली, तर दाब 4 व्होल्ट होतो, पण धारकता चौपटीने घटून 1 फॅरड उरते. साठलेली ऊर्जा 8 ज्यूल. सरासरी 10 मिलिअँपिअर प्रवाहावर दिवा तीन-साडेतीन मिनिटे, मंदावत मंदावत, जळेल. महावितरणच्या बिलातील एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. तेवढ्यासाठी असे साडेचार लाख संच लागतील. ‘घरच्या कोळशावर घरभर वीज’ असे कोणी सांगू लागले, तर त्याच्यापुढे हा भागाकार ठेवावा. प्रदर्शनासाठी तयार प्रतिकृती विकत आणून पाल्याच्या नावाने मांडणाऱ्या पालकांनीही तो एकदा करून पाहावा.

मग या साधनाचा उपयोग काय? जेथे क्षणात मोठा जोर हवा तेथे. शांघायमध्ये 2006 पासून थांब्या-थांब्यावर भार घेणाऱ्या बस धावल्या. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात धातूंच्या ऑक्साइडच्या पातळ थरांपासून महाधारित्रे बनवण्याचे संशोधन दीर्घकाळ झाले आहे आणि केरळमध्ये कन्नूर येथे केल्ट्रॉन या सरकारी कंपनीने 2024 मध्ये त्यांचा कारखाना सुरू केला.

आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघेल. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत पहिलेच अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडण्याचा धंदा. मग कोळशाचा हा खेळ कशाला? आजींचा हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कर्मादाने सातव्या, भोगोपभोग परिमाण व्रताच्या प्रकरणात येतात आणि त्यांचा रोख उपजीविकेवर आहे. चार ग्रॅम तयार कोळसा आणून शिकणे हा धंदा नव्हे. तरीही घरी भट्टी लावून कोळसा पाडू नये. त्यात अग्निकायाचा आरंभ आहे, विषारी धुराचे भय आहे आणि त्या कोळशाला पुरेशी छिद्रेही पडत नाहीत. त्यासाठी आठ-नऊशे अंश उष्णतेवर वाफेचा मारा करावा लागतो किंवा तीव्र रसायने वापरावी लागतात.

याच यादीत दवाग्निदापन, म्हणजे रान पेटवणे, हेही आहे. शेवटची वेचणी झाली की जिल्ह्यातील कित्येक बांधांवर पऱ्हाटीचे ढीग पेटतात. बोंडअळीसाठी पऱ्हाटी शेतातून काढणे आवश्यकच असते. जाळणे मात्र आवश्यक नसते. पऱ्हाटीपासून क्रियाशील कोळसा करून त्याची महाधारित्रे बनवल्याचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत. खामगावच्या बाजारात कापसाला भाव विचारला जातो. पऱ्हाटीला अजून तसा भाव कोणी विचारत नाही. जिनिंगच्या व्यवसायात असलेल्या आपल्या बांधवांपैकी कोणी एक पोतेभर पऱ्हाटी एखाद्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे तपासणीला धाडली, तर खर्च फार येणार नाही.